‘जळगाव’चा ज आणि ‘जय’चा ज

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

‘जळगाव’ हे नाव सध्या तीन तऱ्हांनी कानावर पडते. शहरातला माणूस त्यातला ज ‘जाड’मधल्यासारखा उच्चारतो. यावल-रावेरकडच्या खेड्यातले आजोबा ळ चा य करून ‘जयगाव’ म्हणतात, पण ज तोच, जाडमधला. मोबाइलमधली यंत्राची बाई मात्र ‘जिरे’तला ज लावते आणि पुढे ळ ऐवजी ल म्हणते. पहिले दोन उच्चार इथल्या मातीतले आहेत, तिसरा हिंदीच्या वळणाने मराठी वाचणाऱ्या यंत्राचा. यंत्रांना मराठी ऐकायला-बोलायला शिकवण्यासाठी आवाजाच्या फायली ऐकून त्यांवर शब्दांच्या खुणा करण्याचे काम आता खानदेशातल्या तरुणांच्याही हाती येऊ लागले आहे, म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण हा विषय अर्धवट सांगण्यापेक्षा न सांगितलेला बरा.

२०२२ साली सुरू झालेल्या ‘भाषिणी’ या केंद्र सरकारच्या उपक्रमाने ‘भाषादान’मधून लोकांकडे त्यांचा आवाज मागितला. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर कोणीही मराठी वाक्ये वाचून देऊ शकतो आणि दुसऱ्याने वाचलेली तपासू शकतो. शिवाय खासगी कामे असतात, दर तासाच्या किंवा दर फायलीच्या हिशेबाने. खुणा करणाऱ्याच्या हाती जी सूचनापुस्तिका पडते ती बहुधा इंग्रजीसाठी लिहिलेली असते. इंग्रजीत एल-ई-ए-डी ही चार अक्षरे ‘लीड’ही वाचतात आणि ‘लेड’ही, हे उदाहरण त्यात ठरलेले. ते वाचून मराठी माणूस निर्धास्त होतो: आपल्याकडे जसे लिहितो तसेच बोलतो, आपल्याला हा त्रास नाही. त्रास आहे, आणि तो रोजच्या शब्दांत आहे.

पुढे जाण्याआधी एक सोय करून घेऊ. या पत्रात ‘चिंच’ (यातला पहिला च), ‘जिरे’ यांतला तालव्य उच्चार साध्या च-ज ने दाखवला आहे आणि ‘चूल’, ‘जाड’ यांतला दंततालव्य उच्चार खाली टिंब देऊन, म्हणजे च़, ज़ असा. मराठी छपाईत हे टिंब नसते आणि रोजच्या लेखनात ते आणावे असेही आमचे म्हणणे नाही. खुणांसाठी मात्र त्याच्याइतके सोपे चिन्ह दुसरे नाही.

आता शब्द पाहा. ‘जग’ म्हणजे दुनिया, तिथे ज. ‘जग की सुखाने’ यात ज़. ‘वाचा’ म्हणजे वाणी, अन्यायाला वाचा फुटते ती, तिथे च. ‘धडा वाचा’ यात च़. खिडकीचे ‘गज’ ज़ चे, आणि हत्तीसाठी आला तर ‘गज’ ज चा. भाऊबीजेच्या ‘बीज’मध्ये ज़, पेरणीआधीच्या बीजप्रक्रियेतल्या ‘बीज’मध्ये ज. ‘जरा थांब’ यात ज़, कीर्तनात जरा-मरण आले की ज. ‘चराचर’ म्हणताना च, पण डोंगरउतारावर खणतात तो समतल ‘चर’ च़ चा. आपल्याकडे पाटाच्या पाण्याचा विषय निघाला की ‘चारी’ येते: चारी दिशांनी पाणी आले यात च, चारी फुटली यात च़. गुरे राखणाऱ्याच्या तोंडचे एक वाक्य घ्या, ‘बैलांना कडब्याच्या चार पेंढ्या चार.’ पहिला चार आकडा, दुसरा आज्ञा. ऐकायला शब्दखेळ वाटेल, पण यंत्राची परीक्षा घ्यायला याहून स्वस्त वाक्य मिळणार नाही. बोललेले लिहून काढणारी कित्येक यंत्रे संख्याशब्दाचा आकडा करतात. मग ‘बैलांना कडब्याच्या ४ पेंढ्या ४’ असेही कागदावर उतरू शकते.

आणखी एक जोडी खास इकडची. ‘चोपडा’ हे तालुक्याचे गाव च़ चे. मारवाडी घराण्यांतले ‘चोपडा’ हे आडनाव च चे. चोपड्याला चोपडांकडे निघालेला माणूस एका वाक्यात दोन्ही बोलतो आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

व्याकरण शिकलेले म्हणतील, नियम आहे की: पुढे इ, ई, ए किंवा य आला तर तालव्यच. खरे आहे, आणि त्याने काम पुष्कळ हलके होते. ची, चे, च्या, जी, जे, झी यांवर वेळ घालवू नये. ‘माझा’तला झ़ ‘माझी’त आपोआप झ होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य, घरचे शब्द दंततालव्य, हाही आडाखा बराच चालतो. पण ‘चार’ हा आकडा घरचाच असून तालव्य आहे. ‘चाक’ च़ चे आणि ‘चाकू’ च चा. ‘चमचा’ या एका शब्दात पहिला च आणि दुसरा च़. तेव्हा अ, आ, उ, ऊ, ओ, औ पुढे असताना नियमावर विसंबून खूण करू नये, कानावर करावी.

दुसरी जात आघाताची. ‘पुण्याचे काम’ म्हणजे पुणे शहरातले काम असेल तर ण्या हलका जातो. पुण्य लागेल असे काम असेल तर आधीच्या पु वर जोर येतो आणि ण दुहेरी झाल्यासारखा ऐकू येतो, ‘पुण्ण्याचे’. ‘दिव्याला तेल घाल’ आणि ‘दिव्याला हाक मार’ यांत हाच फरक. साधा माणूस आणि साध्य-साधन: ‘साध्याचा’ हे रूप दोन्हींकडून येते, आघात फक्त साध्यकडच्याला. च-ज च्या जोड्या निदान व्याकरणाच्या पुस्तकात भेटतात. आघाताच्या जोड्यांकडे खुणा करणारे सरळ दुर्लक्ष करतात, कारण पडद्यावर अक्षर तेच दिसत असते.

इथे एक घोळ नेहमी होतो. ‘अक्षरे तीच’ असे प्रत्येक प्रकरण एकाच टोपलीत टाकले जाते. टोपल्या तीन हव्यात. लिखाण तेच, उच्चार वेगळा, अर्थ वेगळा ही पहिली: जग, वाचा, पुण्याचे. लिखाण तेच, उच्चारही तोच, अर्थ वेगळा ही दुसरी. ‘वाचाल तर वाचाल’ या घोषणेत दोन्ही क्रियापदांना च़ हाच उच्चार आहे, तिथे कान काही सांगणार नाही. ‘कर’ म्हणजे हात, पट्टी आणि आज्ञा. तिन्हींचा आवाज एक. तिसरी टोपली खानदेशात सर्वात मोठी: लिखाण तेच, अर्थ तोच, बोलीप्रमाणे उच्चार वेगळा. कागदावर ‘काळा’, ‘डोळा’, ‘शाळा’, ‘केळी’. तोंडात ‘काया’, ‘डोया’, ‘शाया’, ‘केयी’. ही तिसरी टोपली पहिलीत ओतली की ‘काळा’ हा दोन अर्थांचा शब्द असल्यासारखे यंत्र शिकते. आणि तिच्यावर ‘चुकीचा उच्चार’ असा शिक्का मारला की बोली बोलणाऱ्याची फाइलच बाद होते, त्याचा आवाज संग्रहात राहत नाही. हे दुसरे जास्त वेळा घडते.

म्हणून आमचा सगळा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: कानाला जे आले ते आणि बोलणाऱ्याला जे म्हणायचे होते ते, दोन वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि मूळ लिखाणाला हात लावू नका.

प्रत्यक्षात चार रकाने लागतात. पहिल्यात प्रमाण लिखाण, टिंब नाही, खुणा नाहीत. दुसऱ्यात ऐकलेला उच्चार, टिंबासह. तिसऱ्यात शब्दाचा क्रमांक, म्हणजे अर्थ: चार-१ आकडा, चार-२ चारणे. चौथ्यात बोली. वरचे बैलांचे वाक्य असेल तर ३.४१० ते ३.६६० सेकंद या तुकड्यावर ‘चार, च, चार-१’ आणि ४.२८० ते ४.५७० वर ‘चार, च़, चार-२’. जळगाव असेल तर पहिल्या रकान्यात ‘जळगाव’, दुसऱ्यात ‘ज़यगाव’. इथे टिंब विसरले तर काय होते पाहा: ऐकलेल्यात नुसते ‘जयगाव’ राहते, आणि ते वाचून बोलणारे यंत्र ज ‘जय’मधला लावते. आजोबांचा बरोबर उच्चार बरोबर ऐकून, बरोबर लिहून, एका टिंबापायी चुकीचा होऊन बाहेर पडतो. शब्दांचे क्रमांक एकदा दिले की बदलू नयेत. नवा अर्थ सापडला तर तो शेवटी जोडावा. मधल्या एखाद्या अर्थाला काढून क्रमांक सरकवले तर आधीच्या सगळ्या खुणा एका रात्रीत खोट्या ठरतात.

ऑडॅसिटी हे फुकटचे सॉफ्टवेअर या कामाला पुरते. तुकडा निवडून कंट्रोल आणि बी दाबले की खुणेची पट्टी उघडते. शेवटी खुणा साध्या मजकुराच्या फायलीत निघतात, प्रत्येक ओळीत सुरुवात, शेवट आणि मजकूर. मजकुराच्या जागेत चारही रकाने उभ्या रेघेने वेगळे करून लिहावेत, स्वल्पविरामाने नको, कारण स्वल्पविराम वाक्यातही येतो. रकाने एकाखाली एक हवे असतील तर प्रात किंवा ईलान ही सॉफ्टवेअरे बरी. तीही फुकटच आहेत.

एका तासाचे बोलणे नुसते लिहून काढायलाच चार ते सहा तास जातात. त्यावर पुन्हा सगळे ऐकत बसू नये. आधी दुहेरी शब्दांची यादी करा, लिखाणात ते शोधा, आणि प्रत्येक ठिकाणचा शब्द मागेपुढे दोन-दोन सेकंद धरून वेगळा ऐका. याच्याहून कमी धरले तर वाक्याचा अर्थ लागत नाही. शब्द अगदी नेमका कापून ऐकला तर कान फसतो. मात्र यादी मूळ शब्दांची करू नका, रूपांची करा. ‘जग’ शोधले की जगात, जगाला, जगतो, जगदीश, जगन्नाथ असा बाजार समोर येतो. यांत ‘जगात’ म्हणजे दुनियाच आणि ‘जगतो’ म्हणजे जगणेच. शंका फक्त नुसत्या ‘जग’बद्दल. याउलट ‘जप’ची गंमत अशी की क्रियापदे दोन आहेत, नाम जपणे यात ज आणि जिवापाड जपणे यात ज़, म्हणून जपतो, जपले, जपावे अशी सगळीच रूपे दुहेरी. ‘त्याने देवाचे नाव जपले’ हे वाक्य कागदावर कितीही वेळा वाचा, माळ ओढली की अब्रू राखली ते कळत नाही. कानाला एका क्षणात कळते. ध्वनिमुद्रणावर खूण करण्याची सगळी मजुरी अशा वाक्यांत वसूल होते.

खुणेची कड कुठे ठेवायची? च आणि ज हे आधी अडतात आणि मग घासत सुटतात. अडण्याची ती चिमूटभर शांतता आवाजाचाच भाग आहे. पुष्कळ जण आवाज जिथून ‘ऐकू’ येतो तिथे कड ठेवतात, म्हणजे च चे डोके उडवतात. ऐकू येते त्याच्या ०.०५ सेकंद आधी कड धरावी. आघाताच्या शब्दांत तर हा अडण्याचा काळच पुरावा असतो: पुण्यातल्या ‘पुण्या’पेक्षा पुण्यवंतांच्या ‘पुण्या’त तो लक्षात येण्याइतका लांब असतो. ओव्या, भजने, गाणी यांत सूर ताणले जातात, तिथे आघाताची खूण करू नये. बोलीच्या रकान्यात ‘गायन’ लिहून पुढे जावे.

आता यंत्रसामग्रीचा भाग, कारण निम्मे काम इथेच बिघडते. च आणि च़ यांच्यातला फरक घासण्याच्या आवाजाच्या उंचीत आहे. च़ म्हणताना जीभ दातांजवळ येते, तिच्या पुढची पोकळी लहान उरते, म्हणून सळसळ वरच्या पट्टीत जाते. च ला पोकळी मोठी, सळसळ खालची. हा फरक मुख्यतः ४,००० हर्ट्झच्या वरच्या भागात ठळक असतो. साध्या फोनकॉलमध्ये सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि आवाज नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतच टिकतो, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही. जुन्या टेलिफोनची पट्टी तर ३,४०० लाच संपते. त्यामुळे फोनवरून गोळा केलेल्या मुद्रणात च-च़ ची खूण कानाने करणे म्हणजे बहुतेक वेळा अंदाज असतो. ऐकणारा अर्थावरून ओळखतो आणि आपण ऐकले असे समजतो. अशा फायलींत दुसऱ्या रकान्यात सरळ ‘अस्पष्ट’ लिहावे, तिसरा रकाना वाक्यावरून भरावा. अंदाजाला ऐकल्याचे सोंग देऊ नये.

मुद्रण आपल्या हातात असेल तर सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, एक वाहिनी, वेव्ह फाइल. एमपीथ्री नको आणि व्हॉट्सॲपवरून पाठवलेला आवाजही नको. दाबताना जे आधी जाते ते वरच्या पट्टीतलेच. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला, म्हणजे फुंकर लागत नाही. एप्रिल-मेमध्ये भुसावळला कूलर बंद करा म्हणणे जिवावर येते, पण कूलरची घरघर आणि पंख्याची सळसळ नेमकी च़ ज़ च्या सळसळीवर बसते. मागाहून ‘आवाज स्वच्छ करणारी’ गाळणी लावली तर ती पंख्याबरोबर च़ ही खाऊन टाकते. त्यापेक्षा सकाळी आठच्या आत मुद्रण उरकावे.

कानाबद्दल शंका आली की चित्र पाहावे. प्रातमध्ये ध्वनीचे चित्र उघडले की वरची मर्यादा ५,००० हर्ट्झवर ठरलेली असते. नवखा माणूस त्यात च आणि च़ सारखेच दिसतात म्हणून हात टेकतो. ती १०,००० वर न्या, मग च़ चा काळा डाग वर चढलेला दिसतो. तुलना मात्र त्याच माणसाच्या दोन शब्दांची करावी. बायकांच्या आणि मुलांच्या आवाजात सगळेच वर सरकलेले असते, त्यामुळे सुनेच्या च वर सासऱ्याच्या च़ चा शिक्का बसू शकतो.

प्रत्येक खूण दोघांनी स्वतंत्र करावी आणि जुळत नसेल तिथे तिसऱ्याने निकाल द्यावा. किती जुळले याची टक्केवारी सांगून खूश होणारे पुष्कळ. समजा दोघांनीही ८० टक्के ठिकाणी च़ आणि २० टक्के ठिकाणी च म्हटले. नाणे फेकल्यासारख्या खुणा केल्या तरी ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ६८ टक्के जुळणारच होते. प्रत्यक्षात ९० टक्के जुळले, तर खरी कमाई उरलेल्या ३२ पैकी २२ची, म्हणजे ०.६९. कोहेनचा ‘कॅपा’ (जुळणी मोजण्याचा आकडा) म्हणतात तो हाच हिशेब. ९० ऐकायला छान वाटते, पण ०.६९ वर समाधान मानू नये. कोणते शब्द फुटले ते काढावे. बहुधा दोन-तीन शब्दच सगळा गोंधळ घालत असतात.

ते दोघे कोण, हा प्रश्न हिशेबापेक्षा मोठा आहे. ज्याच्या घरी हिंदीच बोलली जाते त्याला च आणि च़ हे वेगळे शब्द करणारे आवाज वाटतच नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, पण त्याच्या खुणांवर भरवसा नको. बोलणाऱ्याच्या बाजूनेही हेच: गुजराती किंवा मारवाडी घरातला माणूस मराठी बोलताना सगळीकडे च म्हणत असेल तर दुसऱ्या रकान्यात साधा च लिहावा, तिसऱ्यात त्याला अभिप्रेत शब्द. सुधारणा करू नये. दोन रकाने वेगळे ठेवण्याचा फायदा इथे कळतो: एकाच रकान्यात काम केले तर एक तर माणूस खोटा पडतो, नाही तर शब्द.

बोलीच्या रकान्याला खानदेशात फाटा देता येत नाही. भाषाअभ्यासक जॉर्ज ग्रिअर्सनने १९०७ साली आपल्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ल बोलींच्या खंडात बसवले. त्यावरचा वाद आजही रंगतो, पण खुणा करणाऱ्याने त्यात पडू नये. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत अहिराणीला ए-एच-आर, खानदेशीला के-एच-एन आणि मराठीला एम-ए-आर असे वेगळे संकेत आहेतच. तावडी किंवा लेवा बोलीसाठी आपला वेगळा शब्द ठरवून घ्यावा आणि सर्वांनी तोच लिहावा. बोली फायलीला नव्हे, वाक्याला द्यावी. आपल्याकडे माणूस साहेबाशी प्रमाण मराठीत सुरू करतो आणि शेजाऱ्याकडे वळून अहिराणीत संपवतो. हा रकाना रिकामा राहिला तर काय होते? ‘पोरनं वय नऊ शे’ असे आजी म्हणते. अहिराणीत शे म्हणजे आहे. यंत्र मराठी समजून लिहिते: वय नऊशे. ‘मना भाऊ’ म्हणजे माझा भाऊ, यंत्राला त्यात मनाला घातलेली साद दिसते. ‘काया’ काळा असतो, त्याचे शरीर होते. हे शब्द दुसऱ्या टोपलीतले, आवाज तोच. इथे उच्चाराची खूण कितीही बारीक केली तरी उपयोग नाही, बोलीची खूणच हवी.

वाक्ये वाचून घेण्याची पद्धत बोलीला मारक आहे, हेही सांगायला हवे. कागद हातात दिला की डोया म्हणणारा माणूस डोळा म्हणतो. त्याला चित्र दाखवावे, किंवा केळीच्या बागेबद्दल, पाण्याच्या पाळीबद्दल विचारावे आणि बोलू द्यावे. वाचून घेणे लागतेच ते ‘जरा’ (म्हातारपण), ‘गज’ (हत्ती) अशा बोलण्यात न येणाऱ्या शब्दांसाठी. तेव्हा तो शब्द वाक्याच्या मध्ये ठेवावा; शेवटी ठेवला तर आवाज पडतो आणि ज अर्धा गिळला जातो.

आता संपादक महोदय, आपल्या दारातली गोष्ट. मराठी यंत्रांचे मोठे खाद्य वर्तमानपत्रांचा मजकूर हेच आहे. युनिकोड (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी सर्वमान्य संगणकीय पद्धत) येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टांतला मजकूर संकेतस्थळावर नेताना डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र अनेकदा हरवतो. मग ‘आचाऱ्यांनी स्वयंपाक केला’चे ‘आचार्यांनी स्वयंपाक केला’ होते आणि बिबट्या सातपुड्याच्या ‘दर्यांत’, म्हणजे समुद्रांत फिरतो. दऱ्या आणि दर्या हे मराठीने लिखाणातच वेगळे ठेवलेले शब्द. तो फरक पुसून आपण फुकटात एक नवी दुहेरी जोडी तयार करतो. याचे कारण असे की हा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: युनिकोडच्या ०९३१ क्रमांकाच्या ऱ ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त आणि मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण मजकूर साफ करणारा प्रोग्राम न दिसणारी चिन्हे पुसतो, जोडक जातो आणि र्‍य चा र्य होतो. ०९३१ वाला टिकतो. शोधतानाही ‘दुसऱ्या’ हा एकच शब्द दोन वेगळे शब्द म्हणून मोजला जातो. आपल्या संगणक विभागाने एकदा सगळीकडे ०९३१ करून घेतले तर फार बरे होईल.

टिंबाचेही तसेच. ज़ एका जोडलेल्या अक्षराने टाइप होतो किंवा ज आणि वेगळे टिंब असा. च़ ला जोडलेले अक्षर नाहीच, म्हणून दोन्हींसाठी वेगळ्या टिंबाचीच पद्धत ठेवावी. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही जोडलेला ज़ सुटा होतो. आणि फोनवर घाईत टाइप करणारे ‘घरं’चे ‘घर’, ‘सारं’चे ‘सार’ करतात, त्यावरचा अनुस्वार लिखाणाच्या रकान्यात आधी परत द्यावा. ती खरी जोडी नव्हे, ती आळसाची जोडी.

कोणाला हे काम सुरू करायचे असेल तर गावांच्या नावांपासून करावे, कारण त्यांचा खरा उच्चार कोणता हे विचारायला माणसे घरोघरी आहेत. पाचोरा च़ चा, चोपडा च़ चा. एवढे शिकलेला उत्साही माणूस लगेच चाळीसगावलाही च़ लावायला जातो. तिथला चाळीस मात्र चिंचेच्या च चा आहे.

आपले,
ध्वनिलेखनाचे काम करणारे काही जण,
जळगाव व धुळे